काळ्या शिंगराच्या बापाला भेटायला

पांढऱ्या घोड्याइतका मान या पृथ्वीवर दुसऱ्या कोणत्याही चतुष्पादाला मिळालेला नाही. अर्जुनाच्या रथाला पांढरे घोडे होते. कलियुग संपवायला जो यायचा आहे, तोही पांढऱ्या घोड्यावरूनच येणार आहे. पावित्र्य, पराक्रम आणि राजयोग यांचे हे चार पायांवर उभे असलेले रूप. एवढे म्हणून झाल्यावर सांगायला हरकत नाही की यातले बहुतेक घोडे काळे किंवा तांबडे जन्मतात आणि पुढे माझ्यासारखेच लवकर पिकतात.

मी रत्नागिरीत कॉलेजमध्ये प्राणिशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाले त्याच आठवड्यात केसांना रंग लावणे बंद केले. आता आरशात जे दिसते ते निसर्गाचे आहे, त्याची जबाबदारी माझ्यावर नाही. जानेवारीत सोलापूरला जाऊन आले, त्याची ही हकिकत.

सोलापूर, गुरुवार

महानंदा माझी हॉस्टेलपासूनची मैत्रीण. ती घरात कन्नड बोलते, बाहेर मराठी आणि रागात दोन्ही. तिचा फोन आला होता, हुरडा खायला ये म्हणून. फोन ठेवता ठेवता तिने खरे कारण सांगितले. मागच्या गल्लीतल्या महबूबभाईंनी एक घोडा घेतला आहे, त्याच्या रंगाचा घोळ झाला आहे, आणि मी आयुष्यभर तेच शिकवले असल्यामुळे मी येऊन बघावे. मी आयुष्यभर मुख्यतः बेडूक आणि झुरळ शिकवले. पण मैत्रिणींना आपल्याबद्दल जे वाटते ते सहसा दुरुस्त करू नये.

महबूबभाईंच्या आजोबांचा टांगा होता. टांगे गेले, घोडा राहिला, आणि त्यावर कोणीतरी बसायला हवे म्हणून नवरदेव आले. इकडे लग्नाआधी नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या देवळात जातो. पुढे बँड, मागे वऱ्हाड, आणि मधे एक घामाघूम मुलगा, ज्याने त्या दिवसापर्यंत घोड्याला हातही लावलेला नसतो. आमच्या रत्नागिरीत नवरदेव टेम्पो ट्रॅव्हलरमधून उतरतो आणि पहिल्यांदा चप्पल शोधतो. संसार दोन्हीकडे सारखेच होतात.

घोडा मात्र पांढराच लागतो. महबूबभाईंची घोडी राणी खडूसारखी पांढरी आहे. तिने सोलापुरातले इतके नवरदेव देवळापर्यंत पोचवले आहेत की आता ती बँडशिवायही त्या वळणावर आपोआप थांबते. पण तिचे वय झाले आहे आणि शेपटीखाली गाठी आल्या आहेत. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले आहे की हलके काम अजून पाच-सहा हंगाम चालेल, पुढचे घोडे बघून ठेवा. म्हणून महबूबभाईंनी दिवाळीनंतरच्या अकलूजच्या बाजारातून एक शिंगरू आणले. आणताना ते काळे होते. आजही काळे आहे.

विकणाऱ्याने सांगितले होते की हे पुढे पांढरे होणार. महबूबभाईंनी विश्वास ठेवला, एवढेच नाही तर त्याचे नाव आधीच चांद ठेवून टाकले. गल्लीला आणखी काय हवे? भाजीवाला त्याला कोळसा म्हणतो. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर रोज खिडकीतून विचारतात, आज अमावस्या आहे का.

आम्ही गेलो तेव्हा संध्याकाळ होती. चांद आठ-नऊ महिन्यांचा, लांब पायांचा, खोडकर. अंगाला खोबरेल तेल चोळलेले. डोळ्यांभोवती जाड सुरमा आणि कपाळावर काजळाची तीट. महबूबभाईंची मुलगी नसीम बी.कॉम.ला आहे, घोड्यांचे बुकिंग फोनवरून तीच घेते. सुरमाही तीच लावते, रोज सकाळी. "इतके लोक टोकतात, नजर लागणारच की," ती म्हणाली. आमच्याकडे बाळांना लावतात तेवढीच तीट होती, फक्त बाळ मोठे होते आणि त्याने माझ्या ओढणीचे टोक खाल्ले.

अडचण अशी होती की विजापूरकडचा एक व्यापारी काळ्या शिंगरांच्या शोधात होता. नाचाच्या घोड्यांसाठी त्याला काळेच लागतात. तो रविवारी येणार होता. महबूबभाईंना दोन जनावरे पोसणे परवडण्यासारखे नव्हते, त्यातले एक कायमचे बिनकामाचे निघाले तर अजिबातच नाही.

"मॅडम, एक सांगा," ते म्हणाले, "होणार की नाही होणार? होणार असंल तर मी उपाशी राहून ठेवतो. नसंल तर आताच जाऊ द्या. लळा लागल्यावर नक्को."

लळा लागून गेला होता, हे नसीमकडे बघून कोणालाही कळले असते.

चहा घेता घेता मी जे सांगितले ते थोडक्यात असे. माणूस, मांजर, म्हैस, घोडा, सगळ्या सस्तन प्राण्यांच्या भांडारात रंगद्रव्ये दोनच. एक काळे-तपकिरी, एक तांबडे-पिवळे. बाकी सगळा मामला प्रमाणाचा, आणि ते कुठे घालायचे, कुठे नाही याचा. केसाच्या मुळाशी रंग बनवणाऱ्या पेशी असतात आणि त्यांनी काय करायचे ते जनुके सांगतात. पांढरा हा रंग नव्हे, ती गैरहजेरी आहे. आणि घोड्यांत ती गैरहजेरी मुख्यतः दोन तऱ्हांची. एका तऱ्हेत पेशी कातडीपर्यंत पोचतच नाहीत. असा घोडा जन्मतःच पांढरा, कातडी गुलाबी. बाजारात त्याला नुकरा म्हणतात. दुसऱ्या तऱ्हेत एका जनुकातला एक तुकडा चुकून दोनदा लिहिला गेलेला असतो. त्यामुळे केसांच्या मुळाशी असलेल्या पेशी सुरुवातीला नको इतक्या उत्साहाने काम करतात आणि लवकर संपून जातात. शिंगरू काळेभोर जन्मते आणि वर्षावर्षाने पांढरे होत जाते. कातडी मात्र काळीच राहते. राणीचे ओठ बघा, काळे आहेत. तिच्या गाठीही त्याच दुहेरी तुकड्याची देणगी.

"म्हणजे आमची राणी काळी होती?" नसीमने विचारले.

महबूबभाईंनी ती पांढरी झाल्यावरच घेतली होती. त्यांनी राणीकडे असे पाहिले, जसे लग्नाच्या पंचवीस वर्षांनी बायकोचे माहेरचे नाव कळावे.

हा तुकडा आई किंवा बाप, एकाकडून तरी यावा लागतो. चांदची आई तांबडी होती, हे बाजारात सगळ्यांनी पाहिले होते. बाप पांढरा असल्याचे सांगितले होते, पण कुठला पांढरा? नुकरा असेल तर विषय संपला, कारण त्याच्याकडे द्यायला तो तुकडाच नाही. पिकलेला असेल तर आशा. केस प्रयोगशाळेत पाठवूनही कळते, पण रविवारच्या आत नाही.

नसीमने विकणाऱ्याकडून बापाचा फोटो मागवलेला होता. त्यात घोड्याला झूल, तुरा आणि फोटोवर चढवलेली चकाकी होती. कातडी कुठेच नव्हती. तिने पुन्हा फोन करून घोड्याचे ओठ कसल्या रंगाचे आहेत असे विचारले, तर पलीकडून उत्तर आले, "घोडा पांढरा हाय की. वट काय लिपस्टिक लावायचेत व्हय?"

तेव्हा जाऊन बघणे आले. महानंदाने लगेच शनिवार ठरवला. "मुलगी देताना घर बघतोच की आपण," ती म्हणाली. "मग घोडा ठेवताना त्याचा बाप बघायला काय झालं?"

उजनीकाठ, शनिवार

महानंदाच्या गाडीत पुढे ती, मागे मी, नसीम आणि कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, गूळ यांचे गाठोडे. महबूबभाई राणीच्या वरातीसाठी मागे राहिले. सोलापूरची कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि महिनाभर टिकते. रत्नागिरीला घरातला पापडही दोन दिवसांत मऊ पडतो. हवा ही गोष्ट स्वयंपाकाच्या पुस्तकांत कोणी लिहीत नाही.

टेंभुर्णीला चहा घेतला आणि धरणाकडे वळलो. ऊस, केळी, पुन्हा ऊस, आणि एकदम पाणी. पाण्यात दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग उभी होती. नसीमने विचारले, हे कुठल्या जनुकाने? मी म्हटले, जेवणाने. जे खातात त्यातला रंग पिसांत येतो. सस्तन प्राण्यांना ही सोय नाही, त्यांना आपला रंग घरीच शिजवावा लागतो. महानंदा म्हणाली, बरे आहे, नाहीतर सोलापूरकर शेंगाचटणीच्या रंगाचे झाले असते.

अंकुश, म्हणजे चांदला विकणारा, गावाच्या वेशीवरच भेटला. तिशीचा, मोटारसायकलवर, कपाळाला गुलाल. चांगला मोकळा माणूस होता. घोडा दाखवायला त्याची काहीच हरकत नव्हती, फक्त घोडा कामावर होता. त्या दिवशी गावात उंच खांबावरच्या दिव्याचे लोकार्पण होते. त्यासाठी एक मान्यवर आले होते आणि त्यांची मिरवणूक अंकुशच्या घोड्यावरून निघाली होती. भर दुपारी दिव्याचे लोकार्पण करण्यामागचा विचार मी विचारला. अंकुश म्हणाला, "सांच्याला त्येंना दुसऱ्या गावात टाकीचं उद्घाटन हाय."

मिरवणूक चौकात अडकली होती. पुढे हलगी, त्यापुढे तिला बुडवणारा ध्वनिक्षेपक, आणि मधे सुलतान, चांदचा बाप. मोठा देखणा घोडा. पाठीवर जरीची झूल, गळ्यात घुंगुरमाळ, डोक्यावर तुरा. वर फेटा बांधलेले मान्यवर. ते एका हाताने नमस्कार करत होते आणि दुसऱ्या हाताने खोगीर इतके घट्ट धरून होते की बोटे पांढरी पडली होती.

नसीम गर्दीतून पुढे घुसली आणि जागच्या जागी थांबली. सुलतानचे नाक, ओठ, डोळ्यांच्या कडा, सगळे गुलाबी होते.

"मॅडम," ती म्हणाली, "नुकरा आहे."

 मला तिच्यासाठी वाईट वाटले, आणि तेवढ्यात माझे लक्ष वर गेले. मान्यवरांचे नाकही गुलाबी होते. ओठ गुलाबी होते. हलगीवाला, अंकुश, पोलीसपाटील, सगळे गाव नुकरा झाले होते. सकाळपासून गुलाल उधळला जात होता.

घोड्याच्या अंगावर गुलाल पोचत नाही अशी जागा एकच, आणि तिथे बिनकेसांची कातडीही असते. मी मान्यवरांच्या मागच्या बाजूला गेले. एका निवृत्त प्राध्यापिकेने भर चौकात, लोकप्रतिनिधी वर बसलेला असताना, खालच्या घोड्याची शेपटी उचलून बघणे हे आपल्या सार्वजनिक जीवनात बसत नाही, याची मला कल्पना होती. म्हणून मी आधी दोन्ही हात जोडले. घोडा लाथ मारेल की नाही याचा अंदाज घ्यायला तेवढा वेळही मिळाला. मग अंकुशने लगाम धरला आणि मी वाकले.

काळी कातडी. चुलीवरच्या तव्यासारखी काळी.

मी सरळ होऊन मागे पाहिले तर माझ्या पाठी पाच-सहा बायका ओळीने उभ्या होत्या. पहिलीने हात जोडले, वाकली आणि शेपटीकडे बघून श्रद्धेने डोळ्यांना बोटे लावली. दुसरीने मला हळूच विचारले, "हितं कशाला पाया पडायचं असतंय, बाई? पोरासाठी का नोकरीसाठी?" मी म्हटले, रंगासाठी. तिला ते पटले असावे, कारण तिने सुनेला पुढे ढकलले. मान्यवर वरून सगळ्यांना आशीर्वाद देत होते.

मिरवणूक संपल्यावर अंकुशच्या घरी आम्हाला धरणातली चिलापी तळून मिळाली, ज्वारीची गरम भाकरी आणि ठेचा. मी कोकणातली, समुद्राच्या माशाशिवाय माशाला मासा न म्हणणारी. दोनदा वाढून घेतले. अंकुशला आमचा घोर समजला तेव्हा त्याला हसू आले. दावणीला त्याची खिल्लार गाय होती, तिच्या पायाशी लालसर टाळूचे वासरू.

"ह्ये वासरू टाळूला तांबडं हाय," तो म्हणाला, "चार महिन्यांत पांढरं व्हतंय. तवा कुणी इचारत न्हाय. मग घोड्याचंच काय?"

मी त्याला विचारले की सुलतानची सगळी शिंगरे पांढरी झाली का. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की तो शिंगरे लहानपणीच विकतो, पुढचे त्याला ठाऊक नाही. एक मादी घरी ठेवली होती, ती गोठ्यामागे उभी होती. जन्मली तेव्हा तांबडी, आता चार वर्षांची, अंगभर ढगासारखे राखाडी गोल. आणि तिच्याच आईला सुलतानपासूनच झालेली दुसरी शिंगरी शेजारच्या गावात होती, ती पाच वर्षांनंतरही तांबडीच.

दोन प्रती असत्या तर दोघीही पिकल्या असत्या, म्हणजे सुलतानकडे तो तुकडा एकाच प्रतीत होता. प्रत्येक शिंगराच्या वेळी तो मिळेल किंवा मिळणार नाही.

परतताना गाडीत नसीमने विचारले, "मग चांदचं किती?"

"अर्धं-अर्धं."

"हे तर जायच्या आधीपण अर्धं-अर्धंच होतं."

मी म्हटले, आधी ते न कळल्यामुळे होते, आता कळल्यामुळे आहे. ती वाणिज्य शाखेची होती, तिला फरक पटला नाही. महानंदा टेंभुर्णीपर्यंत एकटीच हसत होती.

सोलापूर, रविवार

महबूबभाईंनी सगळे ऐकून घेतले. रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी आम्ही गेलो तेव्हा निर्णय झालेला होता. अर्ध्या आशेवर जनावर पोसता येत नाही. व्यापारी आला की द्यायचे. नसीम दारात पाठ करून बसली होती. तिने त्या दिवशी सुरमा लावला नव्हता, पण आदल्या दिवशीचा फिसकटून गालापर्यंत आला होता.

महानंदाने एकदा चांदकडे बघितले. "अय्यो, महबूबभाई," ती म्हणाली, "पाहुणे बघायला येणार आणि पोरगं रडल्यासारखं दिसतंय. तोंड तरी धुवा त्याचं."

बादली आली, साबण आला. महबूबभाई स्वतः बसले. चांदने मान वर केली, खाली केली, बादलीत नाक घातले, शिंकला. त्यांनी डोळ्यांभोवतीचा सुरमा बोटाने हळूहळू काढला, पाणी मारले, टॉवेलने पुसले. पुन्हा पाणी मारले. पुन्हा पुसले.

"फेस निघत नाही हो," ते पुटपुटले. "कसला साबण आणलाय हा."

त्यांनी तिसऱ्यांदा टॉवेल उचलला तेव्हा नसीम उठून जवळ आली. तिने त्यांचा हात धरला.

"अब्बा, घासू नका. साबण नाही तो."

दोन्ही डोळ्यांभोवती, जिथे रोज सकाळी सुरमा भरला जात होता नेमके तिथे, बारीक पांढऱ्या केसांचे कडे होते. चष्मा लावल्यासारखे. पिकणारी शिंगरे पहिल्यांदा डोळ्यांभोवतीच पिकतात. हे मी वर्गात सांगितले होते, परीक्षेत विचारले होते, आणि गुरुवारी सुरम्याकडे बघत चहा प्यायले होते.

 महबूबभाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला, खिडकीखाली गेले आणि हेडमास्तरांना शांतपणे हाक मारली. "सर, खाली या. चंद्र दाखवतो."

हेडमास्तर आले. भाजीवाला आला. गल्ली आली. प्रत्येकाने जवळून डोळे बघितले. काहींनी बोट लावून बोट तपासले. नसीम त्या दिवशी कोणालाच अडवत नव्हती. तीट लावायचीही ती विसरली.

व्यापारी दुपारी आला. महबूबभाई त्याला नाही म्हणायचे शब्द जुळवत होते, पण वेळ आली नाही. त्याने चांदची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवले, एक डोळा बघितला, दुसरा बघितला आणि महानंदाकडे वळून म्हणाला, "इदु बेळ्ळग आगतद री." म्हणजे हे पांढरे होणार, बाई. त्याच्या आवाजात दोष काढल्याचा सूर होता. माझ्या सगळ्या जनुकशास्त्रापेक्षा महबूबभाईंना त्या नाराजीने जास्त धीर आला. व्यापाऱ्याने चहा घेतला, शेंगाची पोळी घेतली आणि काळ्या जनावराच्या शोधात पुढे गेला.

निघताना मी राणीपाशी थांबले. तिचा काळा ओठ माझ्या तळहातावर गूळ शोधत होता. आम्ही दोघी पिकलेल्या. तिला त्याचा मान मिळतो, मला बसमध्ये जागा.

परवा नसीमचा फोन आला. चांदच्या कपाळावरही पांढरे केस दिसू लागले आहेत, डोळ्यांची कडी झाकू नयेत म्हणून सुरमा आता गळ्याला लावतात, आणि त्याचे पहिले बुकिंग झाले आहे. पूर्ण पांढरा व्हायला त्याला अजून सहा-सात वर्षे लागतील, हे मी तिला पुन्हा सांगितले. ती म्हणाली, चालेल, घाई नाही. नवरदेव हेडमास्तरांचा नातू आहे. तो सध्या नववीत आहे आणि घोड्याला घाबरतो.